पाच किलो, डब्यासकट

केळुसकर काकांकडे कुणी बॅग घेऊन गेलं की चहाच्या आधी बॅग उलटी होते. काका ती दोन्ही हातांनी उचलतात, सतरंजीवर उपडी करतात आणि झटकतात. एकदा सरळ, एकदा तिरकी, मग तळाला चापट्या मारून. त्यानंतर खिसे. बाहेरचे, आतले, आणि अस्तर उसवून आपोआप तयार झालेले. प्रत्येक खिसा आतून बाहेर ओढायचा आणि तसाच लोंबत ठेवायचा. तुम्ही विमानानं चाललात एवढं त्यांच्या कानावर जायचा अवकाश, मग तुमच्याकडे बंदूक असो की नसो.

गेल्या वर्षी मी ऑफिसच्या कामासाठी नागपूरला निघालो होतो. त्यांनी मला लिफ्टमध्येच पकडलं.

"विमान?"

"हो."

"चल वर."

सतरंजीवर माझ्या बॅगेतून चार्जर, दोन बंद पडलेली पेनं, मोसंबीची वाळलेली साल आणि कुठल्याशा मोर्चाची उरलेली पत्रकं पडली. काकांनी साल कचऱ्यात टाकली आणि पत्रकं कडा जुळवून परत दिली. आमचे वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे, त्यामुळे आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचायची सवय लागली. काका मला 'पत्रकवाले' म्हणतात ते त्यामुळे.

"काका, मी काय पिस्तूल घेऊन चाललोय?"

"पिस्तूल माणूस विसरत नाही रे, पत्रकवाले. खिशात काय राहिलं ते विसरतो. खिशावर माझा भरवसा नाही."

हे शेवटचं वाक्य आमच्या बिल्डिंगमधल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पोरं त्यांची नक्कल करतात. मीही करायचो.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मूळचे कुडाळकडचे, पण नोकरी बरीचशी वाशीच्या एपीएमसी मार्केटात आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात झाली. कांद्याच्या गाळ्यावरचे काटे, ट्रक मोजायचे काटे, सोनारांचे काटे. तपासायचे, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर जप्त. त्यांची स्कूटर गेटातून आत आली की काही गाळ्यांवरचे काटे अचानक दुरुस्तीला निघायचे म्हणे. व्यापाऱ्याचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. त्याबद्दल त्यांचा सत्कारबित्कार झाला नाही. प्रामाणिक माणसाचा सत्कार करायची आपल्याकडे रीत नाही, त्याला तऱ्हेवाईक म्हणायची आहे.

तऱ्हेवाईक तर ते आहेतच. घरी पितळी वजनांची मखमली पेटी आहे. किराणा आला की आधी वजन, मग डब्यात. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस त्यांच्या मजल्यावर आला की स्वतःच विचारतो, "काका, काटा काढताय ना?" एकदा बिस्किटाचा पुडा तीन ग्रॅम कमी भरला म्हणून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं माफी मागून चार पुडे पाठवले. काकांनी तेही मोजले. त्यातला एक पुडा दोन ग्रॅम कमी भरला. दुसरं पत्र गेलं, त्याला उत्तर आलं नाही.

काकू वारल्यापासून ते सातव्या मजल्यावर एकटेच असतात. खिडकीतून खारघरचा डोंगर दिसतो आणि आता नवीन विमानतळावर उतरणारी विमानंही दिसतात. काका विमानांकडे बघत नाहीत. आवाज आला की टीव्ही मोठा करतात.

आणि या माणसाकडे, ज्यानं आयुष्यात बंदुकीचा चाप ओढलेला नाही, पनवेलपासून वाशीपर्यंतची नेमबाजी करणारी पोरंपोरी रांग लावतात. कारण विमानातून रायफल कशी न्यायची हे काकांइतकं कुणालाच माहीत नाही. स्पर्धा कुठं दिल्लीला, कुठं भोपाळला. रायफल विमानात सोबत घेऊन बसता येत नाही, ती सामानात द्यावी लागते. रिकामी, बोल्ट काढून वेगळा ठेवलेला, पेटीला कुलूप. गोळ्या त्यांच्या मूळच्या खोक्यांत, खोकी पत्र्याच्या डब्यात, डब्यालाही कुलूप. सगळं काउंटरवर आपणहून सांगायचं, लायसन्स दाखवायचं, फॉर्म भरायचा. गोळ्यांचं वजन पाच किलोच्या आत.

"डब्यासकट," काका बोट वर करतात. "लोक गोळ्या मोजतात आणि डबा विसरतात. पाच किलो, डब्यासकट."

आणि हँडबॅगेत एकही गोळी नाही. लायसन्स असलं तरी नाही.

माझी धाकटी बहीण सायली तेवीस वर्षांची आहे आणि रायफल मारते. मला बंदूक या वस्तूबद्दल प्रेम नाही. तिनं पहिल्यांदा रायफल घरी आणली तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी भांडलो. पण नंतर एक गोष्ट बघितली आणि गप्प झालो. आमच्याच सेक्टरमध्ये एक बिल्डर कमरेला पिस्तूल लावून गणपतीच्या आरतीला येतो, तेव्हा लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. आणि सायली लिफ्टमध्ये रायफलची पेटी घेऊन शिरली की तेच लोक विचारतात, "हे कशाला गं? लग्नाचं काय?" बंदुकीची भीती कुणालाच वाटत नव्हती. ती मुलीच्या हातात असल्याचा त्रास होत होता.

तर सायलीला मार्चमध्ये दिल्लीला निवड चाचणीला जायचं होतं. ही हुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि तिच्या नोकरीत दुसऱ्या वर्षी एवढी रजा मिळणार नव्हती. म्हणजे खरं तर सगळंच गेलं असतं. म्हणून मी तिला घेऊन काकांकडे गेलो.

काकांनी आधी तालीम घेतली. स्वतः डायनिंग टेबलामागे बसले आणि पंचा गळ्याशी स्कार्फसारखा बांधला.

"गुड मॉर्निंग मॅम. लगेजमध्ये काय आहे?"

"रायफल," सायली म्हणाली.

"चूक. अख्खी रांग मागं वळून बघेल. परत."

"सर, एक स्पोर्ट्स फायरआर्म डिक्लेअर करायचीय."

"सर? गो बाय, मी मॅडम आहे. स्कार्फ दिसत नाही तुला?"

सायली हसून हसून खाली बसली. काका हसले नाहीत. "ती पोरगी तुझ्याच वयाची असणार. नवी असणार. तिनं कधी रायफल बघितली नसणार. ती घाबरणार, सुपरवायझरला बोलावणार, तो आणखी कुणाला बोलावणार. तू घाबरायचं नाही. चिडायचं तर मुळीच नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. परत."

अकरा वेळा परत झालं.

मग वजन. चोवीस खोकी, एकेका खोक्यात पन्नास गोळ्या. खोकी सायलीनं स्वतः डब्यात भरली. काका हात पाठीमागे बांधून उभे होते. मी एक खोकं तिच्या हातात द्यायला पुढे झालो तर माझ्या मनगटावर फाटकन चापट बसली.

"लायसन्स आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग हात मागं. तिच्या गोळ्यांना तिनंच हात लावायचा."

काट्यावर चार किलो नऊशे साठ. काकांनी आकडा कागदावर लिहिला आणि सायलीची हँडबॅग सतरंजीवर उलटी केली. तीनदा झटकून झाली तरी पुन्हा पहिल्यापासून झटकायला घेतली. मला वाटलं, वय झालं.

हे सगळं काका कुठून शिकले ते सोसायटीत कुणालाही विचारा. त्यांची मुलगी केतकी नेमबाज होती. चांगली होती, राज्यात पहिल्या तिनात यायची. काका सुट्टी काढून तिच्यासोबत स्पर्धांना जायचे. सात वर्षांपूर्वी अशाच एका निवड चाचणीला निघालेली असताना विमानतळावर तिच्या हँडबॅगेत एक जिवंत काडतूस सापडलं. तेव्हा आपल्याकडचा विमानतळ नव्हता, मुंबईलाच जावं लागायचं. विमान गेलं, चाचणी गेली. लायसन्स चौकशीत अडकलं, रायफल जमा झाली. रायफल परत मिळाली तेव्हा चौदा महिने झाले होते. केतकीनं रायफल विकली आणि हैदराबादला नोकरी धरली. काकूंच्या दहाव्याला आली होती. त्यानंतर नाही.

"बाप एवढा काटेकोर आणि मुलगी अशी हलगर्जी," हे वाक्य मी आमच्या लिफ्टमध्ये किती वेळा ऐकलं असेल. दरवेळी त्याच्यामागं "बिचारे काका" येतं. मीही म्हटलेलं आहे, नाही असं नाही.

सायलीचं विमान दुपारी अडीचचं होतं. काकांनी आम्हाला सकाळी नऊला घरातून काढलं. खारघरहून विमानतळ हाकेच्या अंतरावर. टॅक्सीवाल्यानं लांब पेटी बघून विचारलं, "गिटार आहे का ताई?" काका पुढच्या सीटवरून म्हणाले, "हो. शास्त्रीय." मग स्वतःच्याच खोटं बोलण्यानं इतके अस्वस्थ झाले की उतरताना त्यांनी त्याला खरं सांगून टाकलं. तो भाड्याचे पैसे घेऊन वेगानं निघून गेला.

तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. सायली आत गेली. मी आणि काका बाहेर, काचेपलीकडे. काका काचेला नाक लावून उभे राहिले. आतल्या जवानानं दोनदा हातानं खूण केली, बाजूला व्हा. काका एक पाऊल सरकायचे आणि पुन्हा नाक.

काका म्हणाले होते तस्संच झालं. काउंटरवरच्या मुलीनं सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरनं सुरक्षेच्या माणसाला. सायली शांत उभी होती. घड्याळाकडे बघत नव्हती. मला पहिल्यांदा काकांचा अभिमान वाटला.

मग माझा फोन वाजला. सायलीच होती.

"दादा, रायफल ओके झाली. पण गोळ्या जास्त भरतायत. पाच किलो शंभर दाखवतंय."

मी फोन स्पीकरवर टाकला. काकांचा चेहरा लाल झाला.

"अशक्य! कुठल्या काट्यावर? बॅगांच्या?"

"हो काका, त्याच बेल्टवर."

"अगो, तो मोठ्या बॅगांचा काटा! त्याला शंभर ग्रॅमच्या खालचं कळत नाही. कळंबोलीला ट्रकच्या काट्यावर मेथीची जुडी ठेवल्यासारखं आहे ते. त्यांना विचार, छोटा काटा आहे का. आणि बाजूला शिक्का बघ. कधी तपासलाय? तारीख वाच."

"काका, मी यांना शिक्का दाखवा म्हणू?" सायलीच्या आवाजात रडू होतं. "मागे रांग आहे. त्या मॅडम चांगल्या आहेत, त्या म्हणतायत, थोड्या गोळ्या काढा आणि बाहेर घरचं कोणी असेल तर देऊन या. वीस-पंचवीस काढते. दादा गेटपाशी ये, मी देते तुझ्याकडे."

मी निघालोही. दोन पावलं गेलो असेन. काकांनी माझी कॉलर मागून धरली. साठी उलटलेला माणूस, पण अशी धरली की श्वास अडकला.

"नको!" ते फोनमध्ये ओरडले. आजूबाजूच्या ट्रॉल्या थांबल्या. "सुट्या गोळ्या काढायच्या नाहीत! एकही नाही! त्याच्याकडे लायसन्स नाही. माझ्याकडेपण नव्हतं!"

आपण काय बोललो ते काकांना कळलं असावं. ते आवाज खाली आणून सावकाश बोलू लागले.

"सायली, ऐक. अख्खं खोकं काढ. बंद खोकं. तिथल्या पोलिसाच्या हातात दे, त्याच्याकडून लिहून घे. पन्नास गोळ्या गेल्या तर गेल्या. तू कमी सराव कर. पण सुटी गोळी त्या काउंटरवर ठेवू नकोस, बाय माझी."

काचेतून आम्ही बघत होतो. सायलीनं डबा उघडला, एक खोकं काढून पोलिसाला दिलं. त्यानं काहीतरी लिहिलं, तिनं सही केली. डबा पुन्हा बेल्टवर गेला. या खेपेला चालला. सायलीनं आमच्याकडे बघून अंगठा वर केला. काकांनी काचेवर हात टेकला आणि तसेच हळूहळू खाली, पदपथाच्या कडेवर बसले.

मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी घेतली, पण प्यायले नाहीत.

"तुमच्याकडेपण नव्हतं म्हणजे?" मी विचारलं.

काका समोरच्या टॅक्स्यांकडे बघत बोलत होते. "केतकी अंघोळीला गेली होती. डबा मी काट्यावर ठेवला. पाच किलो चाळीस. म्हटलं, पोरीला कशाला त्रास. एक खोकं उघडलं, बारा गोळ्या काढल्या. चार किलो नऊशे नव्व्याण्णव. मला इतकं बरं वाटलं. गोळ्या बशीत ठेवल्या होत्या. बशीशेजारी तिची हँडबॅग, खिसा उघडा. नंतर कपाटात ठेवताना बशीत अकराच होत्या."

"मग?"

"मग काय. म्हटलं अकराच काढल्या असतील. काटा बरोबर दाखवत होता ना. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, मोजण्यात माणूस चुकतो, काटा चुकत नाही."

बाराव्या गोळीचं काय झालं ते विमानतळावरच्या मशिननं सांगितलं. काका तिच्या शेजारीच उभे होते. अधिकाऱ्यानं विचारलं, पॅकिंग कुणी केलं? काकांनी तोंड उघडलं. लायसन्स नसताना दुसऱ्याच्या गोळ्या हाताळणं हा त्यांचा गुन्हा ठरला असता. सरकारी नोकरी होती, निवृत्तीला तीन वर्षं होती, घरी काकूंचं आजारपण होतं. केतकीनं त्यांचा हात दाबला आणि म्हणाली, "मी केलं. बाबा, तुम्ही काही बोलू नका."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही."

माझं डोकं सणकलं. मला बोलता येतं, घरी तेच शिकवलं गेलं. मी त्या पदपथावर उभा राहून काकांना झाडलं. सात वर्षं तुम्ही अख्ख्या सोसायटीला तिला हलगर्जी म्हणू दिलंत? बिचारे काका म्हणवून घेतलंत? नोकरी संपल्यावर तरी? काकू गेल्यावर तरी? शेतकऱ्याचा कांदा दोनशे ग्रॅम मारला म्हणून काटा जप्त करायचात, आणि स्वतःच्या मुलीचं नाव मारताना?

काकांनी एकाही वाक्याला विरोध केला नाही. विरोध नसला की आवाज चढवायला काही उरत नाही. मी थांबलो. तेव्हा ते म्हणाले, "ती त्या दिवसापुरतं म्हणाली होती रे. मी कायमचं पाळलं."

सायली दिल्लीला पोचली. निवड झाली नाही, थोडक्यात राहिली. परत आल्यावर दोन दिवस रडली, मग रेंजवर गेली. ती स्वतःच्या नेमबाजीनं हरली, हे ती स्वतःच सांगते आणि सांगताना तिच्या आवाजात कटुता नसते. केतकीला असं हरायलाही मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात काका कागद घेऊन माझ्याकडे आले. "पत्रकवाले, एक नोटीस लिहून दे. खालच्या बोर्डावर लावायचीय."

मी जीव ओतून लिहिली. अन्याय, मौन, समाजाची दुटप्पी नजर, सगळं घातलं. काकांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीनं एकेक विशेषण काढून टाकलं. मग वाक्यंच काढायला लागले. शेवटी उरलं ते असं:

"सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की, सात वर्षांपूर्वी विमानतळावर माझी मुलगी केतकी हिच्या बॅगेत सापडलेले काडतूस माझ्या हातून तेथे पडले होते. गोळ्या मी काढल्या होत्या. तिने माझे नाव सांगितले नाही. मीही सांगितले नाही. मा. वि. केळुसकर, ए-७०३."

लिफ्टसमोरच्या बोर्डावर, टाकी सफाईच्या नोटिशीशेजारी ते लावलं गेलं. तासाभरात सेक्रेटरी म्हात्रे आले. म्हात्रे इथल्याच गावचे. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं त्यांच्या आजोबांचं शेत होतं, त्यामुळे बोर्डावर काय लागतं याबद्दल ते फार जागरूक असतात.

"काका, ह्ये काय लावलंय तुमी? कमिटीची परमिशन हाय का? पर्सनल मॅटर बोर्डावर नाय चालत."

"वाच आधी," काका म्हणाले.

म्हात्र्यांनी ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. खिशातून चावी काढली. मला वाटलं, काढतायत. त्यांनी काच सरकवून लावली आणि कुलूप घातलं. "कोन फाडंल उगाच," म्हणाले आणि टाकीवर पाण्याचं बघायला गेले.

पुढचे चार दिवस लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. मोकाशी काकू काकांना बघून जिन्यानं गेल्या. कुणी म्हणालं, एवढं जगजाहीर करायची काय गरज होती. बिचारे काका म्हणणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. काकांना आता कुणी खाली बाकावर बोलवत नाही. असं होणार हे ते आधीच धरून चालले असावेत.

कुणीतरी नोटिशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. फ्लॅटवर काकांसोबत केतकीचंही नाव आहे, म्हणून ती अजून त्या ग्रुपवर आहे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

रविवारी तिचा फोन आला. दिवाळीला येतो तो दोन ओळींचा मेसेज सोडला तर काही वर्षांतला पहिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ओरडली," काका म्हणाले. "आधी ते काढा म्हणाली. कुणी तक्रार केली तर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, या वयात कोर्टात फिरणार का? बावीस मिनिटं ओरडली." त्यांनी फोन काढून मला आकडा दाखवला. बावीस मिनिटं आणि काही सेकंद.

यालाही आता दोन महिने झाले. नोटीस अजून तिथंच आहे. टाकी सफाईची नोटीस जाऊन तिथं दुसरी आली, तीही गेली. परवा म्हात्र्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "तुमच्या काकांना सांग ना. सगल्यांनी वाचलं आता. मी कवापासून चावी देतोय, ते घेतच नाय."

मी वर गेलो. रविवार होता. काका फोनवर होते, त्यांनी मला हातानं बसायची खूण केली.

"हो, जेवलो... आमटी-भात... अगो काढायचीच आहे, पण चावी म्हात्रेकडे असते आणि तो सापडत नाही... नाही, पेन्शन चालू आहे, परवाच आली... गुडघा? गुडघा तसाच... बरं. पुढच्या रविवारी ना? तोपर्यंत काढतो. नक्की काढतो."

त्यांनी फोन ठेवला.

"काका, म्हात्रे आत्ता खाली उभे आहेत. चावी त्यांच्या हातात आहे."

"माहीत आहे."

"मग?"

काकांनी फोन चार्जिंगला लावला. "एकदा ती नोटीस काढली की केतकीला विचारायला काही उरत नाही रे."

"आणि इकडे ये म्हणालात का तिला?"

"नाही. एवढं एकदम नको."

मला राहवलं नाही. "तिला कळत नसेल, तुम्ही मुद्दाम काढत नाही ते?"

"कळतं तर," काका म्हणाले. "आत्ता फोन ठेवताना म्हणाली, घाई करू नका बाबा, जपून काढा, काच लागेल."